लाल दिव्याची पेटी

१

बुधवारी सकाळी डॉक्टर दत्तात्रेय घरतांनी प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडलं, तर निळ्या पुठ्ठ्याची वही जागेवर नव्हती. कुलूप शाबूत, कडी शाबूत. सूक्ष्मदर्शकाची महागडी भिंगं जिथल्या तिथे. तीन वर्षांच्या प्रयोगांची, हाताने लिहिलेली वही तेवढी गेली होती.

नागावात बातमी दुपारपर्यंत पसरली आणि संध्याकाळपर्यंत तिला शिंगं फुटली. कुणी म्हणालं, परदेशी कंपनीची माणसं येऊन गेली. कुणी म्हणालं, डॉक्टरांना कॅन्सरवर उतारा सापडला म्हणूनच वही पळवली. डॉक्टर मात्र कुणाशी काही बोलले नाहीत. ते तसेही फारसे बोलत नसत.

गुरुवारी डॉक्टरांच्या मुलीने, नेत्राने, अलिबागला दीक्षा जाधवांना फोन केला.

दीक्षाबाईंनी चौतीस वर्षं सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत काढली होती. एकदा एका गावच्या विहिरीत कुणीतरी विषारी औषध ओतलं. पोलीस भावकीतली भांडणं उकरत बसले आणि बाईंनी चार घरच्या बादल्यांचं धुवण तपासून माणूस दाखवून दिला. तेव्हापासून या पट्ट्यात कुणाचं काही हरवलं की पोलिसांच्या आधी बाईंची आठवण निघे. निवृत्तीनंतर ती आठवणही कमी झाली. दोन वर्षांपूर्वी यजमान, धर्माजी मास्तर, कॅन्सरने गेले. मुलगा सम्यक नोकरीसाठी दूर. घरात दिवसभरात बोलणारा म्हणजे कुकर, आणि तोही एका माणसाच्या भातापुरता.

त्यामुळे नेत्राचा फोन आला तेव्हा बाईंना आधी बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली.

नेत्रा चौतीस वर्षांची. जानेवारीत तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेळेत सापडली आहे, केमो घेतली तर बरी होशील. पहिली तारीख तिने चुकवली. दुसरी येत्या सोमवारची होती.

"मावशी, बाबा मला त्यांच्या लहरींचे उपचार देणार आहेत," नेत्रा म्हणाली. "जानेवारीत त्यांनी शब्द दिलाय. पण यंत्र कितीवर लावायचं, किती वेळ, ते सगळं वहीत आहे. केमोने आईचं काय झालं ते मी याच घरात बघितलं. मला त्या वाटेने जायचं नाही."

दीक्षाबाईंनी विचारलं की डॉक्टरांचं यावर काय म्हणणं आहे. नेत्रा म्हणाली की ते हल्ली म्हणतात, दोन्ही कर, हॉस्पिटलही कर. पण तिला अर्धवट काही नको होतं.

"वही मिळेपर्यंत मी थांबणार. सोमवारी मी कुठेही जाणार नाही."

फोन ठेवल्यावर दीक्षाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. हातात तीन दिवस होते.

२

डॉक्टर घरत मूळचे पेणकडचे, मिठागरावरच्या माणसांतले. शिकून मुंबईच्या संशोधन संस्थेत मोठ्या पदापर्यंत गेले. निवृत्त झाल्यावर नागावला नारळी-सुपारीच्या वाडीत घर बांधलं, मागच्या पडवीत प्रयोगशाळा थाटली. सहा वर्षांपूर्वी पत्नी येसूबाई गेल्या, आणि डॉक्टर त्या पडवीतच राहायला गेल्यासारखे झाले. जेवायला घरात येत, एवढंच.

त्यांचं म्हणणं जगाहून थोडं वेगळं होतं. पेशीच्या आतलं पाणी म्हणजे नुसतं भांड्यातलं पाणी नव्हे, त्याला एक रचना असते, असं ते मानत. कॅन्सरच्या पेशीत ती रचना विस्कटते. अगदी मंद रेडिओ लहरी दिल्या तर रोगट पेशी टिकत नाहीत, हे त्यांना दाखवायचं होतं. संस्थेतले लोक यावर मान हलवत आणि विषय बदलत. म्हणून डॉक्टरांनी स्वतःच दाखवायचं ठरवलं.

शुक्रवारी दीक्षाबाई पोहोचल्या तेव्हा त्यांनी बाईंना दोन पेट्या दाखवल्या. उंचीला कमरेएवढ्या, आतून अंगाच्या उबेइतक्या गरम. दोन्हीत वरच्या फळीवर काचेच्या झाकणबशा, बशीत खारट पोषक द्रव आणि त्यात वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी. तळाशी पाण्याची पसरट ताटली, आतली हवा ओली राहावी म्हणून. एका पेटीत लहरी सोडायच्या, दुसरी साधी ठेवायची. आठवड्याने दोन्हीकडच्या जिवंत पेशी मोजायच्या. लहरींच्या पेटीवर लाल दिवा, आणि दिव्याखाली डॉक्टरांच्या हाताची पाटी: लाल दिवा चालू असताना दार उघडू नये.

"ही पेटी कोण उघडतं?" बाईंनी विचारलं.

"मी. शनिवारी यंत्र बंद करून बशा काढतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

डॉक्टरांची कंबर कधीच संपावर गेली होती, त्यांना वाकता येत नव्हतं. दीक्षाबाई मात्र गुडघ्यावर बसल्या. आयुष्यभर पाणी बघितलेलं माणूस, पाणी दिसलं की बघणारच. साध्या पेटीतल्या ताटलीच्या कडेला पांढऱ्या वळ्यांचे थर चढले होते. नागावच्या विहिरींच्या पाण्यात क्षार फार. कितीही गाळा, वर्षानुवर्षं भरत राहिलं की भांड्याला असे थर धरतात. लहरींच्या पेटीतली ताटली चकचकीत होती. तळाला थोडं पाणी, आणि पाण्याच्या वर एकच बारीक पांढरी रेघ.

भिंतीवर तीन वर्षांचा आलेख होता. लहरींच्या पेटीत मेलेल्या पेशींची रेषा जानेवारीत चढायची, मेमध्ये कळस गाठायची आणि जूनमध्ये धाडकन खाली यायची. तिन्ही वर्षी तसंच. पावसाळ्यातली दमट हवा लहरी गिळते, असं डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. मग म्हणाले, "असं मी म्हणायचो."

लोखंडी कपाटाच्या किल्ल्या दोन. एक डॉक्टरांच्या खिशात, दुसरी येसूबाईंच्या तसबिरीमागे. हे घरात येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. संशय घ्यायला माणसं तीनच होती: डॉक्टरांची सहायक मानसी, पुतण्या प्रज्योत आणि झाडलोट करणारी सखुबाई. मानसीचं नाव निघताच डॉक्टर चटकन म्हणाले, "ती नाही." प्रज्योतचं निघालं, "तोही नाही." पोलिसांत कळवायचं का, तर नको.

निघताना डॉक्टरांनी हात जोडले, तेव्हा बाईंना त्यांच्या हातांना डांबरगोळ्यांचा वास आला. तो वास त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. मास्तरांच्या कपाटाला तोच येतो.

फाटकापाशी त्या थबकल्या. तासाभराच्या बोलण्यात ज्याची वही हरवली त्या माणसाने, वही सापडेल का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

३

प्रज्योत घरतचे ट्रक उरण-पनवेल मार्गावर पळायचे आणि नागावच्या किनाऱ्यालगत त्याचं रिसॉर्ट होतं. रिसॉर्टच्या मागच्या दोन खोल्यांना त्याने नुकताच पांढरा रंग दिला होता. काकांचं यंत्र तिथे बसवायचं आणि पेशंट ठेवायचे, असा बेत होता.

"मॅडम, चौदा लोकं नाव देऊन बसलीयत," तो म्हणाला. "रोज फोन येतात, कधी चालू करताय. मी काय बोलू त्यांना? ती मानसीच घेऊन गेली बघा. पुण्याच्या लॅबला मेल टाकलेला तिने, काकांना न सांगता. मी सरळ तोंडावर बोललो तिला."

बाईंनी विचारलं की चौदा लोकांपैकी किती जणांनी हॉस्पिटलचे उपचार थांबवले आहेत. प्रज्योत पहिल्यांदाच अडखळला. त्याने ते विचारलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. नेत्रा त्याची चुलत बहीण, लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून पालीच्या गणपतीला गेलेली. काकांच्या शब्दावर त्याचा आंधळा विश्वास होता आणि त्याला ती वही पळवून काही मिळणार नव्हतं. उलट वहीवाचून त्याचंच सगळं अडलं होतं.

मानसी गायकवाड म्हसळ्याची. वडील प्राथमिक शिक्षक, ही घरातली पहिली डॉक्टरेट करणारी. चोरीच्या आळाने तिचा चेहरा उतरला होता. तीन दिवस ती गावी होती आणि आल्या आल्या हे ऐकावं लागलं.

"मावशी, मी मेल केला ते खरंय," ती म्हणाली. "आपला प्रयोग दुसऱ्या कुणीतरी करून बघावा, एवढंच लिहिलं होतं. आम्ही दोघं इथे या वाडीत. जगात तिसऱ्या माणसाने ते बघितलेलं नाही. सर चिडले. पण ती आमची जुनी गोष्ट. आताचं वेगळंच आहे."

आताचं म्हणजे काय, तर गेले तीन आठवडे डॉक्टरांनी तिला पेशी मोजायलाच बोलावलं नव्हतं. सुट्टी घे म्हणाले. तीन वर्षांत रविवारचीही सुट्टी न देणारा माणूस. प्रज्योतने तिला सगळ्यांसमोर चोर म्हटलं तेव्हा डॉक्टर तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत, जमिनीकडे बघत राहिले.

"त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी मला चाललं असतं," मानसी म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

दीक्षाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वही नेणाऱ्याला कपाटाचं कुलूप पुन्हा लावून ठेवायची गरज का पडली असावी, हा प्रश्न त्यांना सकाळपासून टोचत होता. चोराला घाई असते. इथे घाई कुणालाच नव्हती.

४

सखुबाईकडे आजवर कुणी काही विचारायला गेलं नव्हतं. प्रज्योतने तिच्यावर आळ घेतला नव्हता, कारण तिला लिहिता-वाचता येत नाही, ती वहीचं काय करणार. दीक्षाबाई शनिवारी सकाळी तिच्या पडवीत जाऊन बसल्या. सखुबाईने कोरा चहा केला. वय साठीचं, हातापायांची कातडी मिठाने कायमची राठ झालेली. लग्नाआधी आणि नंतरही वीस वर्षं ती मिठागरावर राबली होती. डॉक्टरांच्याच गावची, म्हणून त्यांनी तिला कामाला बोलावलं.

बाईंनी लगेच विषय काढला नाही. मीठ कसं पिकतं ते विचारलं. सखुबाईचा चेहरा खुलला.

"मिठाला काय लागतं, बाय? ऊन नि धीर. खाडीचं पानी घ्यायचं, कोंडायचं, नि वाट बघायची. ऊन पानी नेतं, मीठ ठेवतं. पानी दाट झालं का त्यात जीव र्‍हात न्हाय. किडा न्हाय, मासळी न्हाय, शेवाळ न्हाय."

"आणि पावसात?"

"पावसात कसलं मीठ? हवाच वली. पानी जागचं हलत न्हाय. जानेवारीपासून मे, तवाच मीठ. जून लागला का मिठागर बंद."

दीक्षाबाईंच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. जानेवारीत चढणारी आणि जूनमध्ये पडणारी रेषा त्यांनी कालच भिंतीवर बघितली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं की पेट्यांच्या ताटल्यांत पाणी कोण भरतं.

"मीच. रोज सकाळी."

"दोन्ही पेट्यांत?"

"न्हाय. सादीत. लाल दिव्याच्या पेटीला मी हात लावत न्हाय. दिवा लाल हाय तवर दार उघडायचं न्हाय, सायबांचा हुकूम हाय. मला वाचता येत न्हाय, पन सायबांनी पाटी वाचून दावलीय. नि दिवा तर मी असतंय तवर कदी इझतच न्हाय."

"मग त्या पेटीत पाणी कोण भरतं?"

सखुबाईला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "त्यातलं पानी लहरीच बगत असतील ना. सायेब सांगत व्हते, लहरी पान्याला शिस्त लावतात म्हनून. मी काय तेच्यात बोलू?"

तीन वर्षं. डॉक्टर समजत होते सखू भरते. मानसी समजत होती सखू भरते. सखू समजत होती की ते मोठ्या लोकांचं पाणी आहे, आपण त्यात हात घालू नये. दीक्षाबाईंना हसू आलं नाही. सरकारी कचेरीत त्यांनी असे घोटाळे पुष्कळ बघितले होते. पण इथे त्या घोटाळ्यावर एका मुलीचा जीव टांगलेला होता.

"दिवा कधीच विझला नाही?"

"येकदाच. शिमगा झाला त्याच आठवड्यान. सकाळी बगतंय तर दिवा बंद. म्हटलं आज गावली. दार उघडून ताटली पुसली, पानी भरलं. मागं वळतंय तर सायेब दारात."

"काय म्हणाले?"

"म्हनाले, सखू, ह्यात आदी पानी व्हतं काय. मी म्हटलं, न्हाय, कोरडी ठनठनीत व्हती. सायेब तितंच खुर्चीवर बसले. बराच येळ बसले. मंग दिव्याचा बलप बदलला सवता, नि म्हनाले, आता ह्या पेटीला हात लावू नको." सखुबाई थांबली. "तवापासून माज्याशी धड बोलत न्हाईत, बाय. माजं काय चुकलं?"

५

घरी येऊन दीक्षाबाईंनी दिवा लावला नाही. संध्याकाळचा उजेड खिडकीतून येत होता, तेवढा पुरे होता.

गणित सुटलं होतं. कोरड्या पेटीत बशांतलं पाणी उडत गेलं, मागे राहिलेला द्रव खारट आणि दाट होत गेला, आणि त्यात पेशी मेल्या. यंत्राची ऊब त्यात भर घालत होती. पावसाळ्यात हवाच ओली, म्हणून पेशी वाचायच्या आणि डॉक्टर म्हणायचे की दमट हवेने लहरी गिळल्या. दिव्याचा बल्ब गेला, यंत्र मात्र चालूच होतं. त्या आठवड्यात ताटलीत पाणी होतं आणि लहरीही होत्या. पेशी मेल्या नसणार. डॉक्टरांना ते तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. चकचकीत ताटलीवरची ती एकच रेघ त्याच दिवसाची होती.

वहीचा चोरही मग वेगळा शोधायला नको होता. मानसीने आणि प्रज्योतने वही नेली नाही हे ज्याला इतकं ठाम माहीत होतं, त्यानेच ती नेली होती. सखूला पेटीपासून आणि मानसीला प्रयोगशाळेपासून त्यानेच दूर ठेवलं होतं. यंत्र कितीवर लावायचं ते कळलं नाही तर नेत्रा निमूटपणे हॉस्पिटलची वाट धरेल, आणि वडिलांवरचा तिचा विश्वासही शाबूत राहील, असा त्याचा हिशोब. नेत्राने वाट धरली नाही. ती वहीची वाट बघत बसली, आणि हिशोब उलटा झाला.

बाईंनी मास्तरांचं कपाट उघडलं. वास आला. खालच्या खणात, कपड्यांच्या मागे, एक निळी बाटली होती. शेवटच्या आजारपणात कुणीतरी मास्तरांना चुंबकाचं पाणी आणून दिलं होतं. रोज एक पेला घेतला की गाठ विरघळते म्हणे. बाईंनी पहिल्याच दिवशी ते तपासलं. साधं नळाचं पाणी. पण मास्तर तो पेला दोन्ही हातांनी धरून इतक्या आशेने प्यायचे की बाई बोलल्या नाहीत. मग मास्तरांनी गोळ्या कमी केल्या. महिनाभर बाईंना ते कळलंही नाही.

गोळ्या घेतल्या असत्या तरी ते गेले असते का? मास्तरांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणाले, कदाचित. त्या एका शब्दाबरोबर दीक्षाबाई दोन वर्षं एकट्या राहत होत्या. हजारो विहिरींचे अहवाल त्यांनी लिहिले आणि घरातल्या बाटलीचा तेवढा लिहिला नाही. त्या बराच वेळ बाटली मांडीवर घेऊन बसल्या.

६

रविवारी डॉक्टर पडवीत एकटेच होते. दीक्षाबाईंनी खुर्ची ओढली.

"वही येसूबाईंच्या कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "रोज काढून बघता ना? हातांना वास येतो."

डॉक्टरांनी हातांकडे बघितलं. नाही म्हणायची त्यांना ताकद उरली नव्हती.

"जाळायची होती. काडीही पेटवली," ते म्हणाले. "पण निरीक्षणं कशी जाळायची, बाई? खोटी नाहीत ती. एकही आकडा खोटा नाही. पेशी खरंच मरत होत्या. मला वाटलं लहरींनी मरतात. त्या तहानेने मरत होत्या." ते हसल्यासारखे झाले. "मिठागरावर जन्मलो मी. माझ्या बापाला हे उभ्या उभ्या दिसलं असतं. सखूला दिसलं. फक्त तिला कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जानेवारीपासून त्यांना वाटत होतं की येसूसाठी उशीर झाला, निदान नेत्रासाठी वेळेत काही हाती आलं. ते हाती आलेलं वाफ होऊन गेलं. नेत्राला सांगायला चार वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. वही गेली असं म्हणणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

"आणि मानसी?" बाईंनी विचारलं. "ती चोर ठरली, तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत होतात."



दीक्षाबाईंनी पिशवीतून निळी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि आपली गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. सांगताना त्यांचा आवाज दोनदा फुटला, त्यांनी तो आवरला नाही.

"मी गप्प बसले ते प्रेमाने," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मास्तर आता नाहीत, आणि मी त्या गप्प बसण्याबरोबर राहते. तुम्ही राहू नका. वही लपवून आशा लपत नाही, डॉक्टर. ती पोरगी उद्याही वाट बघत बसेल."

"तुम्ही सांगता का तिला?"

"नाही. अहवालावर सही ज्याची त्याने करायची असते."

डॉक्टर उठले. घरात गेले, कपाटाचं दार वाजलं. वही छातीशी धरून ते बाहेर आले, आणि नेत्राला, मानसीला, प्रज्योतला आणि सखुबाईला बोलवायला सांगितलं. सगळे जमल्यावर त्यांनी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि वाचलं. तारीख, शिमग्याच्या आठवड्यातली. लहरी चालू. ताटलीत पाणी. दोन्ही पेट्यांत पेशी सारख्याच जिवंत.

"याचा अर्थ, माझ्या लहरींनी काही होत नाही," ते म्हणाले. "मानसी, वही मी लपवली. तुझी माफी मागतो. पुण्याला लिहायचं होतं ना, आता हे लिही. प्रज्योत, त्या चौदा जणांना आजच फोन कर. उपचार थांबवले असतील तर उद्या सुरू करा म्हणावं. माझं नाव सांग. सखू, तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते पाटी लिहिणाऱ्याचं."

प्रज्योत फोन घेऊन अंगणात गेला. मानसी रडत होती. नेत्रा खुर्चीचा हात धरून बसली होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे तुमच्याकडे माझ्यासाठी काहीच नाही?" तिने विचारलं.

"माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. "तिकडे आहे. आईला उशीर झाला होता, तुला झालेला नाही. मी हे तुला तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

वाडीत कुठेतरी झावळी पडल्याचा आवाज झाला. नेत्राने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"मला भीती वाटते, बाबा."

"मलाही."

"मग तुम्ही बरोबर चला. पडवीत बसायचं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. सहा वर्षांत ते मुंबईला गेले नव्हते.

७

सोमवारी दुपारी दीक्षाबाईंच्या घरी फोन वाजला. नेत्राचा आवाज थकलेला होता. सलाइन लावलं होतं, मळमळत होतं, पण चाललं होतं.

"मावशी, बाबांनी ती निळी वही आणलीय," ती म्हणाली. "मागची कोरी पानं उघडून बाजूला बसलेत. नर्स म्हणाली पेशंटने पाणी भरपूर प्यायला हवं. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने मला पेला देतात आणि किती प्यायले ते लिहितात. संपलेला पेला उलटा करून बघतात. सगळा वॉर्ड हसतोय."

"हसू दे," दीक्षाबाई म्हणाल्या. "पी तू."

फोन ठेवून त्यांनी टेबलावरची निळी बाटली उचलली, परसात गेल्या आणि ते पाणी कढीलिंबाच्या मुळाशी ओतलं. मग आत येऊन एका कागदावर तारीख घातली, नमुना कुणाचा ते लिहिलं, आणि खाली निष्कर्ष लिहिला: साधे पाणी. सही करून त्यांनी तो कागद मास्तरांच्या कपाटात ठेवला. मग मुलाला, सम्यकला, फोन लावला.